माझं रक्त चौदा

माझं रक्त चौदा. हे वाक्य मी इतकी वर्षं इतक्या लोकांना ऐकवलंय की पेणमध्ये माझे मित्र मला 'चौदा नंबर' म्हणायचे. हिमोग्लोबिन हो. बाईमाणसांचं दहावर अडकलेलं असायचं, बाप्यांचं बारा-तेरा, आणि हा म्हात्रे बघा, पन्नाशी उलटली तरी चौदा. मी लॅब टेक्निशियन. दुसऱ्याच्या रक्तावर पोट भरणारा माणूस, त्यामुळे स्वतःच्या रक्ताचा माज होता.

आज माझी केमो संपून काही महिने झालेत. वॉर्डात माझ्या शेजारी बसणारे लोक म्हणायचे, भाऊ, तुम्ही बोलता छान, हे सगळं लिहून काढा, दुसऱ्याला धीर येईल. येईल की नाही मला ठाऊक नाही. धीराच्या गोष्टी माझ्याकडे थोड्याच आहेत. जे झालं ते सांगतो.

*

पेणच्या रामवाडीतल्या एका लॅबमध्ये उमेदीची वर्षं घालवल्यावर मी एका संस्थेच्या गाडीवर लागलो. पेण आणि रोहा तालुक्यातल्या गावांत, वाड्यांवर जायचं आणि तिथेच तपासणी करायची. काम सोपं. हातात मावेल एवढं मशीन, त्यात पट्टी घालायची, बोटाला टोचायचं, थेंब लावायचा, की आकडा समोर. तो आकडा टॅबवर टाकायचा. तिकडे ऑफिसात आमच्या डॉक्टर मॅडम स्क्रीनवर बघत असायच्या. सातच्या खालचा आकडा लाल यायचा. लाल आला की मॅडमचा फोन, आणि त्या बाईला त्याच दिवशी गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं.

आता दोन गोष्टी सांगतो, त्या लक्षात ठेवा.

पहिली. मशीन आपोआप टॅबला आकडा पाठवेल असं आम्हाला शिकवलं होतं. डोंगराच्या कुशीत गेलं की दोघांची बोलाचाली बंद. मग मी आकडा हाताने टाकायचो. शिवाय मोबाइल नंबर भरल्याशिवाय टॅब पुढे सरकायचा नाही. वाडीवर निम्म्या घरांत फोन नाही, असला तर नंबर पाठ नाही. ऊन चढतंय, रांग लागलीय, मी काय करणार? माझाच नंबर टाकायचो. त्यामुळे गोळ्या घ्या, तपासणीला या, असले सगळे मेसेज माझ्या फोनवर यायचे. 'नमस्कार मंजुळा.' 'नमस्कार बेबी.' माझी बायको वंदना एकदा म्हणाली, "अहो, या वयात एवढ्या बायका?" आम्ही पोट धरून हसलो. मी मेसेज पुसून टाकायचो.

दुसरी गोष्ट माझ्या बोटाची. वाडीवरची माणसं सुईला भितात. मी काय करायचो, आधी स्वतःचं बोट टोचायचो. बघा, मेलो का? मग हसत हसत पुढची बाई बोट द्यायची. त्यातच माझी मशीनची तपासणीही व्हायची. खरं म्हणजे त्याला कंपनीची एक छोटी बाटली येते. तिच्यातला थेंब टाकायचा, ठरलेला आकडा आला की मशीन बरोबर. पण ती बाटली थंड ठेवावी लागते, म्हणून ती ऑफिसच्या फ्रीजमध्येच बसलेली असायची. मला तिची गरजच काय? माझं रक्त चौदा. मशीनने चौदा दाखवलं की मशीन ठीक.

गेल्या पावसाळ्यात मशीन तेरा दाखवायला लागलं. मग साडेबारा.

*

मला एका क्षणालाही वाटलं नाही की माझंच रक्त कमी झालंय. आमच्याकडे पावसात मिठाला पाणी सुटतं, काड्या पेटत नाहीत. मग पट्ट्या सादळल्या तर नवल काय? मी ऑफिसला तक्रार केली, त्यांनी दुसरं मशीन दिलं. त्यानेही तेच दाखवलं. मी म्हटलं, एकाच कंपनीचं ते, एका माळेचे मणी. ड्रायव्हर नथूला म्हटलं, तुझं बोट दे रे, बघू. नथूच्या मिशा एवढ्या मोठ्या, पण सुई दिसली की गडी गाडीच्या पलीकडे. राहिलं.

मग मी हिशोब बसवला. मशीन मला जेवढं कमी दाखवतंय तेवढं सगळ्यांनाच कमी दाखवत असणार. म्हणजे तेवढं वर घालायचं. एक कमी तर एक घाल, दोन कमी तर दोन घाल. मला ते लबाडी वाटलं नाही, उलट वाटलं, बघा, अनुभवी माणूस असला की कसं सांभाळून घेतो.

त्याच दिवसांत मला काळी शी होत होती. चढावर दम लागत होता. चप्पल घालायला वाकलो की डोळ्यांपुढे अंधारी. बायकांना मी रोज विचारायचो, दम लागतो का, चक्कर येते का. स्वतःला विचारलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुम्हाला यातलं काही होत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी डॉक्टरकडे जा. मी खरंच सांगतोय.

*

दसऱ्याच्या आसपास रोह्याच्या वरच्या अंगाला एका आदिवासी वाडीवर गेलो होतो. गाडी खालीच राहते, वर चालत जायचं. मी पोचलो तेव्हा बोलायला श्वास नव्हता. सुगंधी वाघमारे नावाची एक बाई, सातवा महिना असेल, दारात बसून माझ्याकडे बघत होती.

"ये गो, बोट दे," मी म्हटलं.

"आधी तुजा काढ."

मी माझं बोट टोचलं. साडेअकरा. म्हणजे अडीच कमी. मग तिने बोट पुढे केलं. सहा पूर्णांक चार.

"मना लय दम लागतं रं," ती म्हणाली. "हंडा उचलला का छाती धडधडतं."

"पोटुशी बाईला लागणारच दम."

ती हसली. "आन तुला? तुला कितवा हाय?"

सगळी वाडी हसली. मीसुद्धा हसलो आणि टॅबवर आठ पूर्णांक नऊ टाकले. टॅबवर पिवळी पट्टी आली. पिवळी म्हणजे गोळ्या द्या, पुढच्या महिन्यात बघू. मी गोळ्या दिल्या, जेवणानंतर घे म्हणून बजावलं, टॅबमध्ये माझा नंबर भरला आणि उतरलो. पुढच्या महिन्यात दिवाळी आली, आमची त्या बाजूची फेरी झाली नाही.

*

दिवाळीनंतर एकदा रोह्याहून पलीकडच्या अष्टमी गावात जाताना कुंडलिका नदीच्या पुलावर मी खाली बसलो. बसलो म्हणजे पायच राहिले नाहीत. लोकांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लॅबमध्ये अस्मिता होती, माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी. तिने रक्त काढलं, आत गेली आणि लवकर बाहेर आलीच नाही. आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला.

"सर, सात पूर्णांक एक."

"तुझं मशीन बिघडलंय," मी म्हटलं. पडल्या पडल्या भांडलो तिच्याशी. "माझं चौदा असतं. परत लाव."

तिने परत लावलं. मोठं मशीन, सकाळी बाटलीने तपासलेलं. तेच आलं.

त्या दिवशी डॉक्टर पुढे काय काय म्हणाले, आतड्यातून रक्त जात असणार, गाठ असू शकते, पनवेलला न्या, यातलं माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. लोक म्हणतात, कॅन्सरचं नाव ऐकलं की पायाखालची जमीन सरकते. माझी आधीच सरकली होती. मशीन बरोबर होतं. दोन्ही मशीनं बरोबर होती. जेवढं रक्त माझ्या आतड्यातून जात होतं, तेवढं मी त्या बायकांच्या आकड्यांत भरत होतो. सुगंधीचं सहा पूर्णांक चार खरं होतं आणि ती अजून कुठेतरी हंडा उचलत होती.

*

पनवेलच्या वाटेवर मी वंदनाला सगळं सांगितलं. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, हात एकदम स्थिर. त्या दिवशी माझा फोन तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"मॅडमना फोन लाव," मी म्हटलं.

"लावते. आधी तुम्ही जगा, मग बाकीच्यांचं बघू."

तिने फोन बंद करून पिशवीत टाकला. तिला वाटलं, ऑफिसला कळलं तर नोकरी जाईल, पोलीस येतील, आणि इकडे ऑपरेशन. बाटल्यांवर बाटल्या चढत होत्या, दुसऱ्या कोणाचं तरी रक्त थेंब थेंब माझ्यात उतरत होतं. दोन दिवस फोन पिशवीत राहिला. तिच्यावर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. मी फोन मागितला, पण मागण्यात जोर नव्हता. दोनदा मागायचो आणि ती नाही म्हणाली की मनात सुटल्यासारखं वाटायचं. मीही घाबरलो होतो. आणि घाबरलेल्या माणसाला कोणीतरी नाही म्हणणारं हवंच असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फरशी पुसायला आलेल्या बाईने सहज विचारलं, "काका, रक्त चढलं का? आता बरं वाटतंय ना?" आणि मला खरंच बरं वाटत होतं. दम लागत नव्हता. मी ढसाढसा रडलो. वंदनाने फोन चालू करून हातात दिला.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "कधीपासून?" एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, मशीनच्या पोटात मूळ आकडे जसेच्या तसे असतात. नथू मशीन घेऊन ऑफिसला येऊ दे, आम्ही जुळवतो. आजच लाल बायकांना फोन लावतो.

दुपारी माझा फोन वाजला. ऑफिसातली मुलगी. "नमस्कार, सुगंधी वाघमारे यांच्याशी बोलायचं होतं."

मी स्क्रीनवरचा नंबर परत बघितला.

"हॅलो? सुगंधी वाघमारे?"

"मी म्हात्रे," मी म्हटलं.

"अय्या सर, तुम्ही? चुकून लागला वाटतं." तिने ठेवला. लगेच परत वाजला. आता मंजुळाला शोधत होती. मग परत वाजला, बेबीला. प्रत्येक वेळी खाटेवरून मीच बोलत होतो. वंदना भिंतीला टेकून उभी होती. तिला आमचा तो जुना विनोद आठवला असणार, मला तरी आठवला. कोणी हसलं नाही.

*

बाकीच्या बायका गावांत, वाड्यांवर सापडल्या. आशाताईंनी घरोघर जाऊन गोळा केल्या, दोघींना दवाखान्यात ठेवावं लागलं, त्या बऱ्या झाल्या. सुगंधीच्या झोपडीच्या दारावर मात्र कुडाचा झापा लावलेला. शेजारी म्हणाले, दिवाळी झाली की मुकादम गाडी घेऊन येतो, सगळी वीटभट्टीवर जातात. कुठल्या? पेणच्या बाजूला कुठेतरी.

माझ्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. वंदना म्हणाली, "मी नथूबरोबर जाते."

"तुझं इथे काम आहे."

"फोन मी बंद केलता," ती म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली.

खाडीकडच्या अंगाला शेतांतून वीटभट्ट्या पसरलेल्या असतात. दोघं भट्टीभट्टीवर विचारत फिरली. नाव सांगून कोणी दाद देईना, मुकादम संशयाने बघायचे. शेवटी एका भट्टीमागच्या झोपडीत सुगंधी सापडली. सकाळपासून अंगावरून जात होतं आणि ती भिंतीला टेकून बसली होती. वंदनाने तिला गाडीत घेतलं, डोकं मांडीवर ठेवलं. पेणच्या सरकारी दवाखान्यातून पुढे अलिबागला. रक्त दिलं.

दुसऱ्या दिवशी वंदना आली ती सरळ माझ्या खाटेजवळ. साडीवर विटांची लाल माती.

"बाई वाचली," ती म्हणाली.

मी हात जोडले. बाळाचं विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे मला तेव्हाच कळत होतं. 'बाई वाचली', ह्या दोन शब्दांत जे नव्हतं ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. मग सिस्टर आली आणि मला ऑपरेशनला घेऊन गेली.

*

केमोबद्दल लोक मला विचारतात म्हणून थोडं सांगतो. तोंडाला धातूची चव येते, भात नको होतो, नाचणीची आंबील तेवढी जाते. केस माझे आधीच कमी होते, त्यामुळे तिथे फार नुकसान झालं नाही. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, गार पाण्याला हात लावला की चटका बसतो. वॉर्डात तुमच्यापेक्षा जास्त आजारी माणूस तुम्हाला लिमलेटची गोळी देतो. घरचे लोक चिडतात, ते तुमच्यावर नसतं, त्यांच्या भीतीवर असतं. वंदना आणि मी त्या महिन्यांत मिठावरून भांडलो, पंख्यावरून भांडलो. ज्यावरून भांडायला हवं होतं त्यावरून कधीच भांडलो नाही.

एकदा मी मॅडमना विचारलं, "वेळेवर लाल आलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "म्हात्रे, मला सांगता येणार नाही. कदाचित तरीही गेलं असतं. कदाचित नसतं." खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. राग आला, आणि नंतर त्याबद्दलच त्यांच्याविषयी आदर वाटला.

नोकरी गेली नाही. चौकशी झाली, माझं म्हणणं लिहून घेतलं. मॅडम म्हणाल्या, कामावर या, पण आकडा तुमच्या हाताने टाकायचा नाही. आता मशीन स्वतःच पाठवतं. रेंज नसली तर आकडा मशीनमध्येच थांबतो आणि खाली आलो की जातो. ती छोटी बाटली बर्फाच्या डब्यात घालून मी रोज बरोबर नेतो. आणि फोन नसला तर तसं लिहायची सोय टॅबवर केलीय. एवढंच हवं होतं, माझ्या जागी कोणी मागितलं असतं तर आधीच झालं असतं.

*

या गणपतीनंतर त्या वाडीवर गेलो. नथू म्हणाला, भाऊ, तुम्ही खाली थांबा, मी सांगतो त्यांना खाली यायला. मी म्हटलं, नको. हळूहळू चढलो.

सुगंधी अंगणात बसून लाकडं बांधत होती. वाळली होती. मी समोर बसलो. वाटेत सगळं पाठ केलं होतं, ते ऐन वेळी विसरलो.

"तुझा आकडा मी वाढवून लिहिलेला," एवढंच निघालं. "मशीन खरं बोलत होतं. मी माझ्या डोक्याने अडीच घातले."

तिने गाठ मारली, दात लावून घट्ट केली. "तुजी बायको बोलली मना. गाडीतच बोलली. रडत व्हती." मग म्हणाली, "ती बोलली, तू बी पडलाय. मना आठावलं, तुला बी दम लागत व्हता."

"हो."

"पोरगी व्हती," ती म्हणाली.

माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण माफी मागितली असती तर उत्तर तिला द्यावं लागलं असतं. आणखी एक ओझं तिच्यावर कशाला? मी मागितली नाही. ती लाकडं बांधत राहिली.

तिची मोळी बांधून झाल्यावर मी पिशवी उघडली. बाटलीचा थेंब टाकून मशीन तपासलं. "सुगंधी, बोट देशील? नाही म्हणालीस तरी चालेल."

तिने माझ्याकडे बघितलं. "आधी तुजा काढ."

केमोनंतर बोटं बधिर झालीत, टोचलेलं नीट कळतही नाही. थेंब काढला. अकरा. आजकाल माझं रक्त अकराच असतं, आणि ते मी कोणाला ऐकवत नाही.

तिने हात पुढे केला. बोट देण्यासाठी नाही, मशीन घेण्यासाठी. पदराने पुसून डोळ्यांजवळ धरलं.

"ह्याच्यात किती घातलास?"

"काही नाही."

"दाव." तिने पुन्हा बघितलं, मशीन उलटं करून मागेही बघितलं. मग ते मांडीवर ठेवून स्वतःचं बोट दिलं. मी टोचलं. आकडा यायला थोडा वेळ लागतो. मी वाकलो तसं तिने मशीन माझ्यापासून लांब धरलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "नऊ. मंग टिंब. मंग दोन."

मी मान डोलावली. टॅबवर नंबराची चौकट उघडली. "फोन आहे का घरात कोणाचा? नसला तरी अडत नाही."

"नवऱ्यानं घेतलाय औंदा." तिने एकेक आकडा सांगितला, मी एकेक भरला आणि तिला परत वाचून दाखवला.

टॅबच्या कोपऱ्यात रेंजची एक काडी येत होती, जात होती. मग झोपडीच्या आतून फोनवर मेसेज आल्याचा आवाज आला. ती उठून आत गेली.

माझा फोन खिशात होता. मी त्यावर हात ठेवून बघितला. तो गप्प होता.